पश्चिमेची भिंत कोणाची

मला राग चटकन येतो. माहेरी येत होता, सासरी आला, आणि शाळेत तर मी कॉरिडॉरच्या टोकाला दिसले तरी पोरं वर्गात गप्प होऊन बसायची. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यात मी बऱ्याच लोकांवर बरंच ओरडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यातलं निम्मंअधिक ओरडणं आजही मला योग्यच वाटतं.

ऐंशीनंतरची पहिली वर्षं. सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मालवणात ब्लॉक ही अपूर्वाईची गोष्ट होती. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कंत्राटदारानं इमारत उभी केली. खाली दुकानं, वर तीन मजले ब्लॉक. मी हायस्कुलात शिक्षिका, आमचे हे कचेरीत कारकून, पदरात एक मुलगी, नुकतीच बालवाडीत जायला लागलेली. भाड्याच्या दीड खोलीत आमचा जीव घुसमटत होता. आम्ही पहिल्या मजल्यावरचा पश्चिमेकडचा कोपऱ्याचा ब्लॉक घेतला.

तो घेण्याचं कारण म्हणजे वारा. वैशाखातल्या भर दुपारी कंत्राटदारानं आम्हाला झोपायच्या खोलीच्या खिडकीत नेऊन उभं केलं. "बाई, हय उभे रवा. वारो बघा कसो येता! पंखो लावचीसुदा गरज नाय." खरंच सुंदर वारा येत होता. ह्यांनी तर डोळेच मिटून घेतले. मुलीनं खिडकीच्या गजांना धरून तोंड बाहेर काढलं आणि "आई, दर्या दिसतो!" म्हणून उड्या मारल्या. झालं, आमचं ठरलं.

आता तुम्ही म्हणाल, कोकणात जन्मलेली माणसं तुम्ही, वैशाखात ज्या बाजूनं वारा येतो त्याच बाजूनं आषाढात काय येतं हे तुम्हाला कळू नये? कळत होतं हो. आमच्या किनाऱ्यावर कुठल्याही गावात जा. घराच्या पश्चिमेला पडवी असते, छप्पर कमरेपर्यंत खाली उतरवलेलं असतं, आणि पाऊस लागायच्या आधी त्या बाजूला झाप बांधतात. माडाची चुडतं विणून केलेले ते झाप. झड आली की ती झापावर मरते, भिंतीपर्यंत पोचत नाही. हे काम कोणाला शिकवावं लागत नाही. मृगाच्या आधी प्रत्येक घरात ते चाललेलंच असतं. पण आम्ही सगळ्यांनी काय म्हटलं? हे सिमेंटचं घर. सिमेंटला कसला आलाय झाप!

पहिल्याच पावसाळ्यात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक डाग उमटला. मी म्हटलं, नवीन गिलावा आहे, पाणी पितो थोडं. मग तो डाग खाली उतरला, खिडकीला वळसा घालून कपाटामागे गेला. रंगाचे पोपडे सुटले, भिंतीला लोणा लागला, बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला यायची. गणपतीत कपाट पुढे ओढलं तर मागे अख्खी भिंत काळी-हिरवी. बुरशी! ह्यांच्या लग्नातल्या कोटावर, माझ्या रेशमी साडीच्या घडीत, मुलीच्या फ्रॉकांना, सगळ्याला तोच कुबट वास. शाळेत मी शिकवायला उभी राहिले की मला वाटायचं, पहिल्या बाकावरच्या पोरींना माझ्या पदराचा वास येत असेल. लाज वाटायची.

साडीचं काय, ती उन्हात घालता येते. पण मुलगी खोकायला लागली. तिची खाट त्याच भिंतीला लागून होती. खोलीत दुसरीकडे कुठे ती मावतच नव्हती. आधी नुसता खोकला, मग पहाटे पहाटे छातीत मांजर गुरगुरल्यासारखा आवाज. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उजाडेपर्यंत बसायची. डॉक्टरांनी नळी लावून बघितली. "दमा म्हणत नाही मी अजून," ते म्हणाले, "पण त्या ओल्या खोलीतून तिला बाहेर काढा." आम्ही तिला स्वयंपाकघरात हलवलं. ओट्याखाली चटई टाकून ती झोपायची. पण दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, घर असं केवढं! वास सगळीकडे पोचायचाच.

मी आधी वरच्या मजल्यावर गेले. वरच्या ब्लॉकमध्ये एक ख्रिस्ती बाई राहायची. तिचा नवरा जहाजावर होता. मला खात्री होती की तिची मोरी गळते आणि ते पाणी आमच्या भिंतीत उतरतं. दार उघडल्या उघडल्या मी सुरू झाले. तिनं मला बोलू दिलं, आणि मग माझा हात धरून आत नेलं. पश्चिमेच्या भिंतीवर येशूची मोठी तसबीर होती. ती तिनं खिळ्यावरून काढून उलटी केली. मागचा पुठ्ठा काळाकुट्ट झाला होता. "बघ गो बाय," ती म्हणाली, "माझ्या सायबाच्या पाठीरसुदा बुरशी इली. आता तू कोणाक गाळी घालतलंस?" तिनं मला सोलकढी पाजली आणि आम्ही दोघींनी मिळून कंत्राटदाराला शिव्या घातल्या.

कंत्राटदार एसटी स्टँडजवळ एका वखारीत बसायचा. भला दिसणारा माणूस. मालवणीत बोलायला लागला की कोणालाही आपला मामा वाटावा. पण एक खोड होती. अंगावर यायला लागलं की तो छापील मराठीत शिरायचा. मी त्याला म्हटलं, भिंत गळते, पोर आजारी पडली, काय ते बघा.

"बाई, तुमी बसा तरी. चाय घेतल्यात? आता बघा, भिंतीची भितरली बाजू तुमची. ती मी तुमका विकली."

"आणि बाहेरची?"

"भायली मी कोणाक विकूक नाय."

"म्हणजे ती तुमची. मग करा दुरुस्त!"

"नाही नाही, तसं म्हणता येणार नाही," तो ताठ झाला. "बाहेरील बाजू ही सामायिक असते. सोसायटी स्थापन झाली म्हणजे ती जबाबदारी सोसायटीकडे जाईल."

"सोसायटी कधी होणार?"

"सर्व ब्लॉक विकले गेल्यानंतर."

आणि सगळ्यात वरचा, आमच्याच रांगेतला एक ब्लॉक त्यानं विकायचा ठेवलाच होता. गिऱ्हाईक आलं की काहीतरी कारण काढून परत पाठवायचा. खाडीची खारी रेती वापरलीत म्हणून भिंत ओल ओढते, असं मी तोंडावर म्हटलं तर म्हणाला, "पाऊस हा दैवी विषय आहे." मी चहा तसाच ठेवून उठले. दारातून काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण वखारीतले हमाल काम थांबवून ऐकत होते.

दुसऱ्या वर्षी मृग जवळ आला तेव्हा मीच सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. वरची बाय आली, खालचा कापडवाला आला, आणखी दोन बिऱ्हाडं होती ती आली. मी सरळ सांगितलं, कंत्राटदार काही करणार नाही, सोसायटी जेव्हा व्हायची तेव्हा होईल. तोवर आपण झाप बांधू. गच्चीच्या कठड्यापासून खालपर्यंत, अख्ख्या पश्चिमेला. चार महिने लावायचे, नवरात्रात काढायचे.

कापडवाला हसला. "बाई, आमी झापातना सुटाक हय इलाव, आणि तुमी परत झापच बांधूक सांगतात? रस्त्यावरसून जाणारो माणूस काय म्हणतलो? आणि माझी पाटी झाकतली ती येगळीच." वरच्या बायनंही मान हलवली. तिचा नवरा गणपतीच्या सुमाराला घरी येणार होता. "तो माका इचारतलो, ब्लॉक घेतलंस काय मांगर?" मांगर म्हणजे शेतातली लाकूडफाटा ठेवायची खोप. सगळे हसले. मी हसले नाही. मी म्हटलं, "तुमच्या देवाच्या पाठीवर बुरशी चालते, झाप चालत नाही?" तिला लागलं ते. ती उठून गेली. मीटिंग तिथेच मोडली.

पुढच्या आठवड्यात कापडवाल्याच्या दुकानाला कुलूप. शेजारच्यानं सांगितलं, गावी गेलेत, यंदा घराला झाप बांधायची पाळी त्यांची आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो परत आला त्या दिवशी मी शाळेतून तडक त्याच्या गादीसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "गावच्या घराला झाप बांधताना नाही लाज वाटली?"

तो चिडला नाही. कापड मोजत मोजत म्हणाला, "बाई, त्या घराक माणसा आसत. चुलत्यांची, भावांची पाळी लागलेली आसा. पश्चिमेची बाजू ह्या वर्षी माझी, तर मी नाय गेलंय तर गाव तोंडात शेण घालीत. हय कोण आसा? हयची पाळी कोणी लावली?"

"मग लावा की पाळी!"

"ह्या काय घर आसा काय, बाई? हो ब्लॉक."

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, दुसऱ्यांचं मरू दे, आपण आपल्यापुरते बांधू. हे म्हणाले, "अगो, एवढ्याशा तुकड्यानं काय होणार?" तरी देवबागहून झाप घेऊन येणाऱ्या हातगाडीवाल्याला त्यांनीच थांबवलं. मीटिंगचं कळल्यावर कंत्राटदारानं गच्चीला कुलूप लावलं होतं, म्हणून वरून बांधायची सोय नव्हती. खिडकीच्या गजांना, पाण्याच्या पाइपाला, जिथे सुंभ अडकेल तिथे आम्ही बांधलं. हे स्टुलावर, मी खालून झाप देतेय, मुलगी सुंभाचे तुकडे करून देतेय. इमारतीच्या तोंडावर मध्येच लावलेलं ते ठिगळ वाईटच दिसत होतं, नाही कसं म्हणू? पण पहिले आठ-पंधरा दिवस भिंत कोरडी राहिली. मुलगी सकाळी उठून भिंतीला गाल लावायची आणि ओरडायची, "सुकी!" मला वाटलं, जिंकलो.

मग मोठा वारा सुटला. वरून न बांधलेले झाप फडफडायला लागले, त्यांच्यावरचं सगळं पाणी एका बाजूला जमा होऊन कापडवाल्याच्या छपरीवर धबाधब कोसळायला लागलं. छपरी फाटली. चतुर्थीसाठी आणून ठेवलेल्या लुगड्यांच्या गठ्ठ्यांत पाणी शिरलं. तो रस्त्यात उभा राहून वर बघत ओरडत होता आणि ह्या वेळी त्याची बाजू खरी होती, हे मला दिसत होतं. तासाभरात कंत्राटदार हजर! वर्षभर भिंतीला हात लावायला ज्याला माणूस मिळाला नाही, त्याला शिडी आणि कोयता घेतलेली दोन माणसं मिळाली. कारण आता भिंतीची बाहेरची बाजू त्याची झाली होती. "इमारतीचे स्वरूप बिघडवण्याचा तुम्हाला अधिकार नाही," तो खालून म्हणाला. छापील मराठीत.

मी खिडकीतून हात बाहेर काढून सुंभ धरून ठेवलं. म्हटलं, "कापा! बघू कसे कापता!" रस्त्यावर ही गर्दी. माझे विद्यार्थीसुद्धा होते त्यात. हे मागून हळू आवाजात म्हणत होते, "सोड गो. लोक बघतात." "बघूंदेत! बघायलाच हवं लोकांनी!" मी सोडलं नाही. शिडीवरच्या माणसानं माझ्याकडे न बघता माझ्या मुठीच्या वर कोयता चालवला. झाप खाली गेले, हातात सुंभाचा तुकडा राहिला. मागे वळून बघितलं तर मुलगी कानांवर हात ठेवून दारात उभी होती.

त्यानंतर भिंत आधीपेक्षा जास्त भिजली. श्रावणात एका दुपारी तिच्या शाळेतल्या बाईच तिला रिक्षात घालून आमच्या हायस्कुलात घेऊन आल्या. पोरीचे ओठ निळसर पडले होते, गळ्याखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. डॉक्टरांनी सुई दिली. ती शांत झोपल्यावर ते मला म्हणाले, "बाई, एक तर भिंत बदला, नाहीतर मुलीची जागा बदला. यातलं तुमच्या हातात काय आहे, ते तुम्ही ठरवा."

भिंत माझ्या हातात नव्हती.

माझी मोठी बहीण शिरोड्याला राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. भावोजींचं छोटं किराणा दुकान होतं. घर चिऱ्याचं, चारही बाजूंनी पडवी, पश्चिमेला दर वर्षी झाप. त्या घराच्या भिंतींना पावसाचा थेंब माहीत नव्हता. मी निरोप धाडला आणि ती दुसऱ्या दिवशी आली. मुलीला मांडीवर घेऊन म्हणाली, "पावस जायसर माझ्याकडे रव दे तिका. तू कशाक रडतंस? मी काय परकी आसंय?" मी रडत नव्हते, निदान मला तरी तसं वाटत होतं. गाडी सुटताना मुलीनं खिडकीतून हात हलवला. तिला गंमत वाटत होती.

पाऊस गेला. भिंत गेली नाही, म्हणजे ओल गेली नाही. दिवाळीला आम्ही तिला आणलं, तर पाडव्यालाच तो आवाज पुन्हा सुरू झाला आणि फराळ डब्यात भरून तिला परत पाठवावं लागलं. मग शाळेत किती दिवस नाव नुसतंच ठेवणार? शिरोड्याच्या शाळेत घातलं. शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी वेंगुर्ल्याला गाडी बदलून जायची आणि रविवारी संध्याकाळी परत. ती धावत यायची, चिकटायची, कोंबडीनं अंडी कुठे घातली, भावोजींनी गोटीसोडा कसा फोडला, सगळं सांगायची. घरी आम्ही तिच्याशी शुद्ध बोलायचो. मी पडले मराठीची शिक्षिका! आता ती "माका", "तुका" करायला लागली. मी सुधारायला गेले की ताई हसायची, "रव दे गो, तोंड दुखात तिचा." माझ्या जिवाचा तळतळाट व्हायचा, पण पोर गुटगुटीत होत होती, रात्रभर शांत झोपत होती. मग काय बोलणार?

जे बोलायचं ते मी मालवणात बोलत होते. नगरपालिकेत गेले, तिथे म्हणाले, हा तुमचा आपसातला मामला. वकिलाकडे गेले, तो म्हणाला, आधी सोसायटी करा. कंत्राटदार समोरून येताना दिसला की मी रस्ता ओलांडून त्याच्यापुढे जायची, आणि तो मला टाळायला माशेबाजारातून वळसा घालायचा. सगळ्यांना मी वेडी वाटत होते. ह्यांनासुद्धा थोडी. एकदा हे म्हणाले, "ब्लॉक विकूया का?" म्हटलं, "कोणाला विकणार? कोणाच्या पोराला झोपवणार त्या खोलीत?" बोलून झाल्यावर मला त्यांची फार दया आली.

मग कंत्राटदाराच्या मुलाचं लग्न झालं. सगळ्यात वरचा, विकायचा राहिलेला ब्लॉक त्यानं मुलाला दिला. नवी सून सावंतवाडीकडची. तिच्याबरोबर आलेलं शिसवी कपाट त्यांनी कुठे ठेवावं? पश्चिमेच्या भिंतीला! त्या आषाढात एके दिवशी जिन्यात धापा टाकत कंत्राटदार वर जाताना दिसला. वरून सुनेचा आवाज येत होता, चांगला खणखणीत. मला ती मुलगी एकदम आवडली. तो खाली उतरताना मी दारात उभीच होते. "काय हो," मी म्हटलं, "दैवी विषय काय म्हणतो?"

पाऊस ओसरल्याबरोबर परांची बांधली गेली. सगळा गिलावा खरवडून काढला, नदीची रेती आणून नवा केला, आणि त्याच्यावर वरपासून खालपर्यंत पन्हळी पत्रे ठोकले. अख्ख्या पश्चिमेला! आता रस्त्यावरून जाणारा माणूस काय म्हणेल, हे कोणीच विचारलं नाही. कापडवाल्यानं आपली पाटी स्वतःच बाजूला सरकवून घेतली. वरच्या बायचा नवरा आला होता, तो खाली उभा राहून म्हणाला, "आता शोभता बिल्डिंग." सोसायटीही झाली, आणि अध्यक्ष कोण? कंत्राटदार. नारळ फोडला, पेढे वाटले. इतके दिवस मी ज्यासाठी ऊर फोडत होते, ते एका कपाटासाठी महिन्यात झालं. मी पेढा घेतला नाही.

तरी मी घाई केली नाही. एक पावसाळा जाऊ दिला. रोज सकाळी चहाच्या आधी भिंतीवर तळहात ठेवायचा. कोपऱ्यात, खिडकीखाली, कपाटामागे. कोरडी. झड पत्र्यांवर ताशा वाजवल्यासारखी वाजायची आणि आत भिंत कोरडी. आम्ही खोलीला फिकट पिवळा रंग दिला, ह्यांनी मुलीसाठी नवं टेबल करून घेतलं, माझ्या शाळेशेजारच्या प्राथमिक शाळेत मी तिच्यासाठी बोलून ठेवलं. सहामाही परीक्षा संपली आणि मी शिरोड्याला निघाले. हे येतो म्हणत होते. मी म्हटलं, तुम्ही घरीच थांबा, आल्यावर तिला दार उघडायला कोणीतरी हवं. ताईला मी आधी कळवलं नव्हतं.

दुपारची वेळ. ताई पडवीत शेवया वाळत घालत होती. मी म्हटलं, "भिंत सुकली."

ती तशीच ओणवी राहिली. "नीट बघितलंस?"

"अख्खा पावसाळा हात लावून बघितलंय. तिला न्यायला आले."

ताई हात धुऊन आत गेली. खोलीत दांडीवर मुलीचे फ्रॉक होते. एकेक उतरवून घडी घालून माझ्या पिशवीत भरायला लागली. तिची पाठ माझ्याकडे होती. भावोजी उगाचच विहिरीवर गेले. मुलगी खेळून आली, आधी मला बिलगली, मग पिशवी बघितली.

"खंय जातंव आपण?"

"घरी," मी म्हटलं. "आता कायमचं. भिंत सुकली. तुझी खोली पिवळी केलीय, टेबल आणलंय."

"पण माका शाळेत नाचात घेतला."

"मालवणातल्या शाळेत पण नाच असतो."

"माका नको." ती ताईच्या पाठीमागे गेली, तिचा पदर दोन्ही हातांनी धरला. "मावशी, तिका सांग ना."

ताई म्हणाली, "असा बोलू नये बाय. आवस ती तुझी." आणि घडी घालत राहिली.

माझा आवाज चढला. चढतोच तो. मी म्हटलं, इतकी वर्षं मी कोणासाठी भांडले, बाबा तिकडे वाट बघतायत, पुरे झाले लाड, चल! हात धरून तिला पुढे ओढलं. तिनं हुंदका आवरला, आणि दुसरा हुंदका बाहेर यायच्या ऐवजी छातीतच अडकला. मग तो आवाज आला. शिरोड्यात मी एकदाही न ऐकलेला. मी ओळखला.

सवयीनं माझी नजर भिंतीकडे गेली. चिऱ्याची, चुना लावलेली, खणखणीत कोरडी भिंत. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. भांडायला कोणी नव्हतं.

ताईनं हातातला फ्रॉक टाकला, तिला मांडीवर ओढून पुढे वाकवलं आणि तिच्या पाठीवर हात फिरवायला लागली, सवयीच्या हातानं. "औषधाची बाटली हाड गो," ती मला म्हणाली. मी खोलीभर बघितलं. फडताळ, कोनाडा, खिडकी. "ताई, खंय ठेवतंस?" ताई उत्तर द्यायच्या आधी पोरीनंच, धापा टाकत, देव्हाऱ्याखालच्या खणाकडे बोट केलं.

मी बाटली काढली आणि ताईच्या हातात दिली.

बऱ्याच वेळानं तिचा श्वास सैल झाला आणि ती ताईच्या मांडीवर तशीच पडून राहिली. मी पिशवी उघडली आणि तिचे फ्रॉक एकेक करून परत दांडीवर टाकायला लागले.

"अगो, ह्या काय करतंस?" ताई म्हणाली.

"काय नाय," मी म्हटलं. "संध्याकाळची गाडी किती वाजता असते?"